साठ घोडे की पंधरा

आमच्या रिठदच्या घरी जीप आली तेव्हा तिला जागा मिळाली ती गोठ्यात. अंगणात कडुनिंबाखाली ती सहज मावली असती. पण बाबांच्या लेखी जे काम करतं त्यानं गोठ्यात राहावं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडे लक्ष जातं. त्यांनी पांढऱ्या बैलांची जोडी एक खुंटा पलीकडे सरकवली आणि मोकळ्या जागेत जीप उभी करायला लावली. गोठ्याला थोडा उतार होता आणि जीपचा हातब्रेक नीट धरत नसे, म्हणून शामकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, रोज सांजेला तिच्या पुढच्या लोखंडी पट्टीला दावं बांधून ते खुंट्याला अडकवत. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत. "शामराव, सोडलं तं पळून जाईन का हे?" असं कुणीतरी विचारी आणि काका शांतपणे म्हणत, "नवं जनावर हाय. रुळलं नाई अजून."

हिवाळ्यात जीप परत आली की तिचं पुढचं झाकण बराच वेळ कोमट राही. आमची मांजर त्यावर चढून बसे. बैलांना कुटार टाकून झालं की माय दोन्ही तळवे त्यावर टेकून थोडी उभी राही आणि मग भाकरी टाकायला आत जाई. गोठ्यात शेण, कुटार आणि पेट्रोल यांचा मिळून एक वास असायचा. आजही कुठे पेट्रोल सांडलं की मला आधी आमचे बैल आठवतात. माझी नातवंडं याला हसतात, पण ज्याचं घर जसं, तसं त्याचं नाक.

जीप काकांनी अकोल्याहून आणली होती. लढाई संपल्यावर लष्कराच्या पडून राहिलेल्या गाड्या विकत घेऊन, डागडुजी करून पुन्हा विकणारा एक व्यापारी तिथे होता. सौद्याला बाबा गेले नव्हते. बाबा आमच्या भागात बैलांचे पारखी म्हणून माहीत होते. बाजारात कुणाला जोडी घ्यायची असली की लोक त्यांना बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून नेत, आणि ते बैलाचा जबडा उघडून, पाठीवरून हात फिरवून एका शब्दात निकाल देत. लोखंडातलं मात्र आपल्याला काही कळत नाही, असं ते स्वतःच म्हणत. काकांनी जीप दारात उभी केली आणि उतरण्याआधीच सांगितलं, "दादा, साठ घोड्याची ताकद हाय हिच्यात."

बाबांनी जीपला एक फेरी मारली. चाकावर मूठ आपटली. वाकून पोटाखाली पाहिलं. "साठ?"

"साठ. इकनाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगतलं."

शेजारचे उकंडाजी तोवर धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, काम टाकून आले होते. गावात काहीही नवं आलं की पहिला शेरा त्यांचा. ते म्हणाले, "साठ घोडे आनले तं आनले, पन त्याइले चंदी कोन चारीन? तुह्या वावरातला सारा हरभरा एका दिवसात फस्त व्हईन." त्या दिवसापासून जीपचं नावच साठघोडी पडलं. लहान पोरं तिच्या मागे पळताना घोड्याला हाकतात तसा आवाज काढत. काकांनाही ते नाव आवडायचं. रस्त्यात कुणी विचारलं की ते आकडा आधी सांगत आणि राम राम नंतर करत.

मला त्या आकड्याचं काही देणंघेणं नव्हतं. मला जीप हवी होती ती शाळेसाठी. गावातली शाळा माझी शिकून संपली होती. पुढची शाळा वाशीमला. आमच्या घरात तोवर कुणी त्या शाळेची पायरी चढलं नव्हतं. काकांना सही करता येई आणि पाटी वाचता येई, बाबांना तेही नाही. मुलीला वाशीमला नातेवाइकांकडे ठेवायला बाबा तयार नव्हते. बरेच दिवस ते नाही म्हणत राहिले. मग जीप आली आणि काका रोज सकाळी वाशीमची सवारी नेऊन सांजेला परत येऊ लागले, तेव्हा एके दिवशी बैलांना पाणी दाखवता दाखवता ते म्हणाले, "शाम्या सकायी नेईन, सांजच्याले आनीन, तं जाऊ दे तिले. पन मुक्कामाले पोरगी कुठं राह्यनार नाई." एवढंच. जीप होती म्हणून शाळा होती. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला सगळ्यांपेक्षा जास्त.

माझी सकाळ जात्याच्या घरघरीनं उजाडे आणि जीपच्या हँडलच्या आवाजानं पक्की होई. काका समोर उभे राहून हँडल मारत. पहिल्यांदा नुसता खोकला. मग पुन्हा खोकला. मग एकदम सगळा गोठा थरथरे आणि बैल कान मागे टाकत. माय ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी आणि असेल तर अंबाडीची भाजी फडक्यात बांधून देई. मागच्या बाकावर भाजीच्या टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, त्यांच्यात मी, मांडीवर दप्तर. बाया वाटेत माझी वही उघडून पाहत. त्यातल्या एकीनं भूमितीच्या आकृत्या पाहून विचारलं होतं, "हे कायचं व? मास्तर रांगोया शिकवते का?" आणि मी समजावून सांगू लागले तर वाशीम येईपर्यंत तिनं ऐकूनही घेतलं होतं. रस्ता मुरमाचा. तोंडात धूळ जाई. पण त्या रस्त्यावर मी जितकं पाठांतर केलं तितकं पुढे कुठल्याही ग्रंथालयात केलं नाही.

परवा माझ्या पुतण्याच्या मुलानं पुण्याहून फोन केला. त्याला जुन्या जीपगाड्या दुरुस्त करायचा छंद आहे. त्यानं विचारलं, "आजी, आपली जीप एकशेचौतीसची होती की बावीसशेची?" मी म्हटलं, "आमच्या वेळी ती साठची होती. मग पंधराची झाली." तो गोंधळला. त्याच्या मित्रमंडळीत यावरून रोज वाद होतात म्हणे. कुणी अमेरिकी माप धरून घनइंच सांगतो, कुणी सीसी, कुणी लिटर, कुणी घोडे, आणि एकाच इंजिनाला चार नावं पडून माणसं समजतात की इंजिनं चार आहेत. मला हसू आलं. या गोंधळापायी माझी शाळा जायची वेळ आली होती, हे त्याला फोनवर कसं सांगावं कळेना. म्हणून हे लिहिते आहे.

झालं असं की जीप अजून त्या व्यापाऱ्याच्याच नावावर चालत होती. ती आपल्या नावावर करून घ्यायला काका अकोल्याच्या कचेरीत गेले. तेव्हा आमचा सगळा भाग अकोला जिल्ह्यातच होता. काका परत आले. जीप गोठ्यात लावली, दावं बांधलं, पाय धुतले आणि ताटावर बसले. त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं, त्यांचं आवडतं. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडून तसाच हातात धरला.

"दादा, कचेरीतला सायेब म्हने पंधरा."

"काय पंधरा?"

"घोडे. सरकारच्या हिशेबानं हे जीप पंधरा घोड्याची हाय. मी म्हतलं साठ, तं सारे हासले."

बाबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "अन् इकनाऱ्यानं साठ सांगतली."

"साठ सांगतली."

"म्हंजे जवान बैल म्हनून म्हतारा बांधला तुह्या गयात."

बाबांच्या जगात याहून मोठी नामुष्की नव्हती. बैलाचं वय दातांवरून ठरतं, आणि दातांबद्दल खोटं बोलून जनावर विकणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नसे. असं जनावर घेणाऱ्यानं ते परत न्यायचं आणि विकणाऱ्यानं निमूट ठेवून घ्यायचं, असा रिवाज होता. न नेणाऱ्याला तर लोक आणखी हसत. आणि इथे तर पारख्याच्या घरातच फसवणूक झालेली. बाबा म्हणाले, "खोट असलेलं जनावर आपल्या दावनीले राह्यत नाई. बाजाराच्या दिशी अकोल्याले ने अन् परत कर."

"चालते तं नीट, दादा. रोज वाशिमले जाऊन येते."

"म्हतारा बैल बी चालते. सवाल थो नाई."

काकांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. मोठ्या भावापुढे त्यांनी कधी दुसरं वाक्य उच्चारलं नव्हतं. चुलीपाशी मी भाकरी उलटत होते. मायनं माझ्या हातातली भाकरी काढून घेतली, कारण ती करपत होती. "आता आयक," ती हळू म्हणाली, "जीप गेली का तुही शाया गेली. केनवडचे लोक तुले पाह्यले येतो म्हनून राह्यले. तुह्या बाबानं त्याइले अजून हो म्हतलं नाई, नाई बी म्हतलं नाई."

"मले नाई जायचं केनवडले."

"मी काय जा म्हनून राह्यली का? तुले ठाऊक असावं म्हनून सांगतलं."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी गणिताच्या राजूरकर मास्तरांपुढे जाऊन उभी राहिले. मुलांच्या त्या शाळेत आम्ही मुली मोजक्याच, आणि वर्गाबाहेर मास्तरांशी बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी विचारलं, एकाच जीपमध्ये साठ घोडे आणि पंधरा घोडे कसे असतात. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "मला माहीत नाही." शिक्षकाला असं म्हणता येतं हे मला तेव्हा कळलं. पुढे मी स्वतः शाळेत शिकवू लागले तेव्हा त्यांच्या शिकवण्यातलं हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा वापरलं. "पण शोधून सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी शोधलं. कुठून तरी मोटारीच्या यंत्रावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत मला फळ्यापाशी बोलावलं. फळ्यावर त्यांनी चार नळकांडी काढली, त्यांच्यात वरखाली होणारे चार दट्टे काढले. मग नळकांड्याच्या तोंडावर आडवी रेघ मारली.

"कचेरीतला साहेब फक्त एवढंच मोजतो. तोंडाची रुंदी. तिचा वर्ग करायचा, नळकांडी किती ते गुणायचं, आणि एका ठरलेल्या आकड्यानं भागायचं. इंग्रजांनी मोटारीवर कर बसवायला हा नियम काढला. दट्ट्या आत किती लांब धावतो, किती भराभर धावतो, ते यात धरतच नाहीत. पूर्वीची इंजिनं सगळी सारखीच सावकाश चालत, तेव्हा ते चालून गेलं."

"अन् साठ?"

"साठ म्हणजे इंजिन पूर्ण वेगात पळवून मोजलेली ताकद. व्यापारी खोटं बोलला नाही. साहेबही नाही. एकच इंजिन आहे, मापं दोन."

मी ती आकृती वहीत उतरवून घेतली. पण जीपमध्ये बसल्यावर मनात आलं, बाबा ही आकृती घेऊन काय करतील? त्यांच्यापुढे फळा धरून उपयोग नव्हता. रस्ताभर मी विचार करत होते आणि बाया म्हणत होत्या, आज पोरगी मुकी काहून झाली. घर जवळ आलं तेव्हा मला सापडलं.

बाबा गोठ्यात पांढऱ्या बैलाची मान खाजवत होते. मी म्हटलं, "बाबा, बैल घेतानी तुमी त्याच्या छातीचा घेर पाह्यता ना?"

"पाह्यतो."

"मंग एका घेराचे दोन बैल सारखंच ओढतेत का?"

"वेडी झाली का व? घेरावरून कुठं समजते? जोतात समजते ते."

"सरकारनं जीपच्या छातीचा घेर पाह्यला. थे पंधरा. जोताले तिले कोनीच लावलं नाई."

बाबांचा हात बैलाच्या मानेवर थांबला. बैलानं मान हलवून तो पुन्हा सुरू करायला लावला. "हे तुले कोनं सांगतलं?"

"इंजिनाचं मास्तरनं सांगतलं. बैलाचं मी म्हतलं."

मग त्यांनी काकांना हाक मारली. "शाम्या, परत न्यायच्या आधी इकनाऱ्याच्या बोलाले एक डाव भेटला पाह्यजे. बैलाले देतो तं हिले बी देऊ. आयतवारी तुरीच्या वावरात बंडी लाव."

आमच्याकडे बैलाची परीक्षा अशी घेत. बंडीत धान्याची पोती भरायची, तिची दोन्ही चाकं दोरानं साटीला, म्हणजे तिच्या सांगाड्याला, घट्ट बांधायची म्हणजे ती फिरत नाहीत, आणि वखरून भुसभुशीत केलेल्या जमिनीतून ती फरफटत ओढायला लावायची. तिथे कुठल्याही बैलाला आपलं खरंखोटं लपवता येत नाही. पण मोटारीला बंडी बांधून तिची पारख करायची, हे आमच्या गावाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

रविवारी अर्धं गाव तुरीच्या वावरात आलं. तुरी निघून गेल्या होत्या, काळी जमीन वखरून तयार होती. माय, काकू आणि आणखी चारदोन बायांनी धुऱ्यावर गोवऱ्यांचा जगरा पेटवून त्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला टाकले होते. परीक्षा कसलीही असो, माणसं जमली की त्यांना जेवायला घातलं पाहिजे हे मायचं गणित. वांग्याची भाजी तिखटजाळ शिजत होती आणि धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले होते. माझे जरा जास्तच झाले असावेत, कारण काकूनं विचारलं, "धुरानं का कायनं व?"

आधी बाबांनी पांढरी जोडी लावली. ओझं वाजवी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. बैलांनी माना खाली घातल्या, गुडघे वाकवले आणि बंडी खरवडत थोडी पुढे नेली. बाबांनी लगेच थांबवून त्यांना सोडलं. मग त्याच साखळीला जीप जोडली. काका आत बसले, इंजिन जोरात गुरगुरवलं आणि एकदम हिसका देऊन निघाले. साखळी ताठ झाली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, काळ्या मातीचा फवारा मागे बसलेल्यांच्या अंगावर उडाला, आणि जीप जागेवरच रुतत गेली. बंडी हलली नाही. काकांनी पुन्हा जोर केला. पुन्हा माती.

उकंडाजी धोतर झटकत म्हणाले, "पंधरा बी नाई गा शामराव. पंधरा कोंबड्या हायेत थ्या."

सगळं वावर हसलं. काकांनी इंजिन बंद केलं आणि चक्रावर हात ठेवून खाली पाहत राहिले. मला हसणाऱ्यांचा राग आला नाही. मी फक्त बाबांकडे पाहत होते. त्यांच्या तोंडून आता निकालाचा शब्द निघणार, आणि एकदा निघाला की तो कुणालाच परत घेता येणार नव्हता. त्यांनाही नाही.

पण बाबा रुतलेल्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसले. खड्ड्यात हात घातला. माती मुठीत घेऊन सोडली. मग उभे राहून त्यांनी जीपच्या मागच्या कडेवर दोन्ही हातांनी भार दिला आणि ती किती दबते ते पाहिलं.

"हे दमलं नाई," ते म्हणाले. "हे हलकं हाय. याचा पाय रोवून नाई राह्यला." मग काकांच्या मांडीजवळ बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे दोन बारके दांडे कायचे? दोरीनं बांधून काहून ठेवले?"

"थे लावले का चारी चाकं ओढतेत अन् चाल बारीक होते, दादा. पन पेट्रोल लय पेते म्हनून बांधले."

"नांगराले जुपल्यावर बैलाची सरकीची ढेप वाचवतं का तू?"

काकांनी मुकाट्यानं दोरी सोडली. बाबा वळले. "मानसाइनं खड्डे बुजवा. बाया-पोरं आत बसा." कुणाला काही समजेना. ते म्हणाले, "वखर वरवर चालला तं आपन खोडावर पोरगं बसवतो का नाई? तसंच हे. बसा." आणि जगऱ्यापाशी उभ्या असलेल्या मायकडे पाहून, "तू समोर बस."

मायनं हातातला चिमटा खाली ठेवला. पदर सारखा केला. जीप घरात येऊन इतके दिवस झाले होते पण ती कधी तिच्यात बसली नव्हती, कुणी म्हटलंच नव्हतं. ती काकांच्या शेजारी अंग चोरून बसली. मागे काकू, बाजाराच्या बाया, पोरं, आणि त्यांच्या मधे कोंबून मी. कुणाचा कोपर कुणाच्या पोटात. बाया हसायला लागल्या आणि त्यांचं हसणं थांबेना.

बाबा जीपच्या समोर जाऊन तोंड आमच्याकडे करून उभे राहिले, नव्या जोडीला जोताला शिकवताना उभे राहत तसे. "हिसका नको देऊ. दाब दे. हयू. अजून हयू." काकांनी दांडे टाकले. इंजिनाचा आवाज या वेळी वर चढला नाही, तो खाली उतरला, जाडा झाला. साखळी ताणली गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागे बंडीचं लाकूड कण्हलं आणि आम्ही हललो. बाबा एक एक पाऊल मागे सरत होते, हातानं या, या करत, आणि जीप त्यांच्या चालीनं त्यांच्या मागोमाग जात होती. बंडीची बांधलेली चाकं जमिनीत नांगराच्या तासांसारखे दोन सरळ चर पाडत येत होती. धुऱ्यापर्यंत गेल्यावर बाबांनी हात वर केला.

माय उतरताना म्हणाली, "आमचं वजन तरी कामी आलं."

उकंडाजींनी अंगावरची माती पुरती झटकली नव्हती. "मंग काय ठरलं? साठ का पंधरा?"

बाबा म्हणाले, "घोडे मले मोजता येत नाई. जोतात चालते. राह्यते."

पुढे मी पदार्थविज्ञान शिकले तेव्हा मला कळलं की त्या परीक्षेनं साठही सिद्ध झाले नव्हते आणि पंधराही नाही. बारीक चालीत कमी ताकदीचं इंजिनही तेवढी बंडी ओढू शकलं असतं. वावरात जिंकली ती चाकांची पकड आणि दातेचाकांची रचना. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी आकड्याबद्दल निकाल दिलाच नव्हता. ते फक्त जनावराबद्दल बोलले होते, आणि ते बरोबर होतं. त्या दुपारी मी किती रोडगे खाल्ले ते माय पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगत असे.

सोमवारी सकाळी मी दप्तर घेऊन गोठ्यात गेले तर बाबा धुतलेलं धोतर नेसून जीपमध्ये समोर बसलेले. "चाल," ते म्हणाले. बाया मागे एकमेकींना खुणा करत होत्या. शाळेच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या, देवळात काढतात तशा, आणि मी नको म्हटलं तरी अनवाणीच आत आले. राजूरकर मास्तर वर्गात निघाले होते. बाबांनी हात जोडले. मास्तरांनी खुर्ची दिली, पण बाबा बसले नाहीत.

"मास्तर, तुमी जीपचं सांगतलं, ते समजलं. आता पोरीचं सांगा. कशी हाय? खरं सांगजा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "गणित चांगलं आहे," ते म्हणाले. "भूमिती फार चांगली. इंग्रजी कच्चं आहे, बरंच कच्चं. आणि हट्टी आहे. एखादी गोष्ट पटली नाही तर उत्तर खोडत नाही."

"हट्टी कोनावर गेली ते मले ठाऊक हाय. इंग्रजी सुधरते का?"

"सुधारतं. पण वेळ लागेल. घाई करून उपयोग नाही."

"लागू द्या," बाबा म्हणाले, आणि पुन्हा हात जोडून बाहेर पडले. दिवसभर ते वाशीमच्या बाजारात कुठे कुठे फिरले मला माहीत नाही. सांजेला परतताना काकांनी विचारलं, "काय म्हने मास्तर, दादा?"

"पोरीची खोट त्यानं आपल्या तोंडानं सांगतली. न विचारता." बाबा समोरच्या रस्त्याकडे पाहत होते. "जो आपल्या हातानं खोट दाखवते, त्याच्यापाशी जनावर डोये झाकून ठेवावं."

मी मागून म्हटलं, "जनावर?"

"पोरगी बी," ते म्हणाले. मग थोडं पुढे गेल्यावर, जणू बियाण्याचं बोलावं तशा आवाजात, "शाम्या, केनवडले निरोप धाड. पोरगी शिकून राह्यली म्हना."

काकांनी मान हलवली. मागच्या बायांपैकी एकीनं टोपलीतून एक पेरू काढून माझ्या हातात ठेवला.

त्यानंतर ज्या ज्या स्थळाची विचारणा आली त्याला बाबांचं उत्तर तेच, पोरगी शिकते आहे. मी मॅट्रिक झाले तेव्हा तेच, इंटर झाले तेव्हा तेच. पदवी घेऊन घरी आले, एका शाळेत नोकरीला लागले, रोज उभं राहून मुलांना शिकवू लागले, तरी कुणी चौकशी केली की बाबा बैलाच्या पाठीवरचा हात न काढता सांगत, "शिकून राह्यली अजून." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. ते खरंच होतं.